पहिली नोकरी म्हणून अप्रेंटिसशिप: कोल्हापूरच्या १६ ते १९ वयाच्या पोरापोरींसाठी कितपत चांगली?

दहावी झाली, आयटीआय संपत आलं किंवा बारावीनंतर कॉलेजात मन रमत नाही, अशा पोरांपुढं कोल्हापुरात साधारण तीन वाटा असतात. महाद्वार रोड किंवा राजारामपुरीतलं एखादं दुकान, उद्यमनगरात ओळखीच्या मेस्त्रीकडं हेल्परी, नाहीतर एमआयडीसीतल्या कंपनीत अप्रेंटिस. हे परीक्षण तिसऱ्या वाटेचं, म्हणजे केंद्र सरकारच्या शिकाऊ उमेदवारी योजनेचं आहे. घरोघरी तिच्याबद्दल अर्धवट माहिती फिरते आणि त्या अर्धवट माहितीपायी चांगली पोरं दुसऱ्या महिन्यात घरी बसतात, म्हणून जरा तपशिलात लिहिलं आहे.

निकाल आधीच सांगतो: पाचात साडेतीन. हातात येणारं प्रमाणपत्र, कायद्यानं ठरलेला किमान विद्यावेतनाचा आकडा आणि लेखी करार यांना पैकीच्या पैकी. पोर्टलला आणि पैसे जमा होण्याच्या पद्धतीला कमी, कारण तिथं १७ वर्षांच्या पोराला एकट्यानं वाट काढता येत नाही.

योजना उभी आहे ती १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्यावर. वयाची खालची अट १४ वर्षं, धोकादायक उद्योगांसाठी १८. ज्या आस्थापनेत ३० किंवा जास्त माणसं काम करतात (कंत्राटी धरून), तिला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. ४ ते २९ माणसं असतील तर घेणं ऐच्छिक. कोल्हापूरच्या दृष्टीनं याचा अर्थ सरळ आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतल्या मोठ्या मशीन शॉपना अप्रेंटिस हवेच असतात, त्यामुळं तिथं गेटवर जाऊन एचआरला विचारण्यात कसलाही कमीपणा नाही. उद्यमनगरातल्या आठ-दहा माणसांच्या वर्कशॉपमध्ये काम शिकायला उत्तम मिळतं, पण करार होईलच याची खात्री नाही. तो मालकाच्या मर्जीचा भाग.

इथंच पहिली गल्लत होते. ‘अप्रेंटिस’, ‘ट्रेनी’ आणि ‘हेल्पर’ हे तिन्ही शब्द आपल्याकडं एकाच अर्थानं वापरले जातात. कंपनी किंवा ठेकेदार म्हणतो, ‘ट्रेनी म्हणून ये, पुढं बघू.’ त्या ट्रेनीला ना करार, ना शेवटी परीक्षा. अप्रेंटिसचा करार पोर्टलवर तयार होतो, त्याला क्रमांक असतो, आणि उमेदवाराच्या स्वतःच्या लॉगिनमध्ये तो दिसतो. उमेदवार १८च्या आतला असेल तर त्यावर पालकाची सही लागते. सही मागितलीच नाही तर समजून जावं की हे प्रकरण अप्रेंटिसशिपचं नाही. नोंदणीला एक रुपयाही लागत नाही. ‘भरती फी’, ‘फॉर्म फी’, ‘बुटाचं डिपॉझिट’ अशा नावानं कुणी पैसे मागितले तर तिथून निघावं.

आता नोंदणी. apprenticeshipindia या सरकारी पोर्टलवर ई-मेल आणि आधारची ओटीपी घेऊन खातं उघडतं. कागदावर दहा मिनिटांचं काम, प्रत्यक्षात दोन-तीन आठवडे अडकू शकतं, आणि अडकण्याची कारणं जवळपास ठरलेली. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर नाव आधी. वडिलांचं नाव एकीकडं पूर्ण आणि दुसरीकडं नुसतं आद्याक्षर. आधारची ओटीपी जाते वडिलांच्या जुन्या, बंद पडलेल्या सिमवर. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी आधारचे बोटांचे ठसे नव्यानं द्यावे लागतात. पंधराव्या वर्षाचे द्यायचे राहून गेलेली पोरं कमी नाहीत, आणि त्यांचं आधार नेमकं कामाच्या वेळी अडतं. म्हणून निकालाची वाट न बघता, सुट्टी लागली की पहिल्याच आठवड्यात आधार केंद्र गाठावं: ठसे, मोबाईल नंबर आणि नावाची अक्षरं, तिन्ही एका फेरीत. ई-मेल पोराच्या स्वतःच्या नावाचा काढावा आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवावा. नेट कॅफेवाल्यानं स्वतःच्या मेलवर खातं उघडून दिलं, तर पुढं ऑफर लेटर त्याच्याकडं येतं आणि मुदत संपल्यावर आपल्याला कळतं.

पोर्टलवर दिसणारी प्रत्येक जागा खरोखर भरायची असतेच असं धरून चालू नये. नुसते अर्ज टाकून वाट बघण्यापेक्षा कळंबा रस्त्यावरच्या शासकीय आयटीआयत जावं. अप्रेंटिसशिपचं काम बघणारं बीटीआरआय केंद्र आयटीआयशी जोडलेलं असतं आणि अप्रेंटिसशिपचे मेळावे आयटीआयच्या आवारातच भरतात. मेळाव्याला जाताना दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि पासबुकाचं पहिलं पान यांच्या प्रत्येकी पाच झेरॉक्स आणि सात-आठ फोटो न्यावेत; तीन कंपन्यांत फॉर्म भरला की संपतात. टेबलापलीकडच्या माणसाला विचारायचे प्रश्न घरूनच लिहून न्यावेत: ट्रेड (कामाचा प्रकार) कुठला लिहिणार, किती महिन्यांचा, करार कधी होणार, शिफ्ट कोणत्या, बस कुठून सुटते. हे प्रश्न पोरानं स्वतः विचारायचे. मागं उभा राहिलेला मामा किंवा वडीलच सगळं बोलत असतील तर समोरचा माणूस मनात फुली मारतो, हे कटू असलं तरी खरं आहे.

पैशाचं गणित बऱ्याच घरांत भांडणाचं कारण ठरतं, म्हणून ते सविस्तर. २०१९च्या नियमांनी ठरवलेलं दरमहा किमान विद्यावेतन असं: पाचवी ते नववी शिकलेल्यांना ५,०००, दहावी पासला ६,०००, बारावी किंवा आयटीआय झालेल्यांना ७,००० रुपये. दुसऱ्या वर्षी त्यावर १० टक्के वाढ, तिसऱ्या वर्षी आणखी १५. हा किमान आकडा आहे, कंपनी जास्त देऊ शकते. करारावर छापलेला आकडा हाच आपला. २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत यातला २५ टक्के, पण महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये इतका वाटा केंद्र सरकार उचलतं, आणि २०२३पासून तो थेट उमेदवाराच्या खात्यात येतो. म्हणजे ७,००० रुपये ठरलेल्या आयटीआयच्या पोराला २५ टक्क्यांनी १,७५० होतात, पण मर्यादा १,५००ची, त्यामुळं कंपनीकडून ५,५०० आणि सरकारकडून १,५०० वेगळे. पहिल्या महिन्यात पासबुकात ५,५०० दिसतात आणि घरात ओरड होते, ‘सात म्हणाले होते, कापले की!’ कापलेले नसतात. सरकारी हिस्सा वेगळ्या वाटेनं आणि वेगळ्या तारखेला येतो. कंपनीचा हिस्सा मात्र पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत जमा व्हायला हवा. जी कंपनी सरकारी वाटा घेत नाही तिथं सगळी रक्कम कंपनीच देते. कुठला प्रकार आहे ते सही करण्याआधी विचारून घ्यावं.

सरकारी हिस्सा न येण्याचं नेहमीचं कारण बँकेत सापडतं. खातं आधारला ‘लिंक’ असणं वेगळं आणि थेट लाभासाठी ‘सीडिंग’ झालेलं असणं वेगळं. सरकारी पैसा सीडिंग असलेल्या खात्यातच जातो, आणि सीडिंग एका वेळी एकाच खात्याला राहतं, जे सगळ्यात शेवटी केलं त्याला. शाळेत शिष्यवृत्तीसाठी गावच्या बँकेत खातं उघडलं, नंतर शहरात दुसरं काढलं पण त्याचं सीडिंग केलं नाही, तर पैसे बंद पडलेल्या जुन्या खात्यात पडत राहतात. बँकेत जाऊन ‘डीबीटीसाठी आधार सीडिंगचा फॉर्म द्या’ असं याच शब्दांत मागावं. आठ दिवसांनी आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती तपासावी. एवढं केलं की पुढच्या सहा महिन्यांचा मनस्ताप टळतो.

आणखी एक गोष्ट घरच्यांना आधीच समजावून सांगावी. अप्रेंटिस कायद्यानं ‘कामगार’ नाही, ‘शिकाऊ’ आहे. पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा) कापले जात नाहीत, म्हणून ईएसआयचं औषधपाणीही मिळत नाही. काम करताना इजा झाली तर मात्र भरपाईची जबाबदारी मालकावर आहे. ‘पर्मनंट कधी करणार?’ हा प्रश्न पहिल्या आठवड्यात विचारण्यात अर्थ नाही: शिकाऊ उमेदवारी संपल्यावर नोकरी देणं मालकावर बंधनकारक नाही.

ट्रेड निवडताना कोल्हापूरची एक खास अडचण ध्यानात ठेवावी लागते. इथली मोठी भरती फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्यात, निघते आणि कायद्याच्या धोकादायक प्रक्रियांच्या यादीत फाउंड्रीचं नाव आहे. त्यामुळं १८ पूर्ण होईपर्यंत वितळलेल्या लोखंडाजवळ, शॉट ब्लास्टिंगला किंवा फेटलिंगला (ओतलेला माल साफ करण्याच्या कामांना) पोराला लावता येत नाही. वय कमी असेल तर मशीन शॉप, क्वालिटी, स्टोअर किंवा टूल रूमची जागा मागावी. वय वाढवून सांगायला लावणारा ठेकेदार भेटला तर तो अपघाताच्या दिवशी ओळख दाखवणार नाही, इतकं गृहीत धरावं.

मुलाखतीत बायोडाटापेक्षा हात बघतात. टर्नर, मशिनिस्ट किंवा क्वालिटीसाठी गेलेल्या पोराच्या हातात व्हर्निअर (बारीक माप घ्यायची पट्टी) आणि एक जॉब (मशीनवर केलेला भाग) दिला जातो: ‘बाहेरचा व्यास सांग.’ मुख्य पट्टीवर शून्याच्या डावीकडं २४ मिमी दिसतात, व्हर्निअरची १३वी रेघ जुळते, लघुत्तम माप ०.०२. तेरा गुणिले ०.०२ म्हणजे ०.२६, माप २४.२६ मिमी. एवढ्यावर थांबणारी पोरं बरीच. पण समोरचा मेस्त्री बघत असतो ते वेगळंच: मापाआधी जबडे मिटवून शून्य जुळतं का पाहिलं? कडेचा बर (कडेला राहिलेली धातूची बारीक धार) काढला, जॉब पुसला? जबडे तिरके लावले की सरळ? बर तसाच ठेवला तर त्याच जॉबचं माप जास्त येतं आणि चांगला माल रिजेक्शनच्या लाल क्रेटमध्ये जातो. घरी सरावासाठी साधं व्हर्निअर आणि चार-पाच बोल्ट पुरेत. तेच तेच बोल्ट दहा वेळा मोजून वहीत लिहावेत आणि दहाही मापं ०.०२च्या आत जुळेपर्यंत सोडू नयेत.

नोकरी मिळवून देण्यात ही योजना ठीक आहे. टिकवायला ती काही मदत करत नाही. पोरं गळतात ती बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत, आणि कामाच्या अवघडपणानं गळण्यापेक्षा जाण्यायेण्यानं आणि झोपेनं जास्त गळतात. सकाळी ७ची शिफ्ट म्हणजे पंचगंगेपलीकडच्या गावातल्या पोराला पाचला उठणं आलं. करार करण्याआधी एकदा खरोखर त्या वेळेला, त्याच रस्त्यानं गेटपर्यंत जाऊन यावं. केएमटी किंवा एसटी त्या वेळेला आहे का, थांब्यापासून गेट किती चालायचं, दुसऱ्या शिफ्टला रात्री ११ला सुटल्यावर परतीला काय आहे, हे सगळं एका फेरीत कळतं. कंपनीची बस असेल तर तिचा थांबा आणि वेळ ड्रायव्हरकडूनच घ्यावी.

वडिलांची गाडी हे यावरचं उत्तर नाही. १६ ते १८ वयात ५० सीसीच्या आतल्या बिनगिअरच्या गाडीचाच परवाना मिळतो. मोटारसायकलला १८ पूर्ण लागतात. अल्पवयीन पोर गाडी चालवताना सापडलं किंवा अपघात झाला तर २०१९च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते. पुणे-बंगळूर महामार्गावर पहाटेच्या अंधारात १७ वर्षांचं पोर पाठवण्यापेक्षा तीन महिने गावातल्या मोठ्या कामगाराच्या मागं बसून पेट्रोलला पैसे देणं शहाणपणाचं.

गैरहजेरी हा दुसरा खड्डा. आजारी पडणं चुकीचं नाही, न कळवणं चुकीचं. आणि कळवायचं ते पोरानं स्वतः, शिफ्ट सुरू व्हायच्या आधी, फोन करून. व्हॉट्सअॅपचा मेसेज लाईनवर उभ्या असलेल्या सुपरवायझरला दोन तासांनी दिसतो. वाक्यं पाठच करून ठेवावीत: ‘सर, मी अमुक, मशीन शॉपमधला अप्रेंटिस, पहिली शिफ्ट. ताप आहे, आज येत नाही. उद्याचं संध्याकाळी सहापर्यंत कळवतो.’ आणि सहाला खरंच कळवायचं. आईनं फोन केला तर सुपरवायझर काही बोलत नाही, पण पोराला जबाबदारीचं मशीन द्यायला कचरतो. गावची म्हाई (गावजत्रा), जोतिबाची चैत्र यात्रा, घरचं लग्न या तारखा महिनाभर आधी ठाऊक असतात. त्यांची रजा किमान आठ दिवस आधी लेखी मागावी. म्हाईच्या दुसऱ्या दिवशी अख्ख्या गावची पोरं एकदम दांडी मारतात हे सुपरवायझरला वर्षानुवर्षं माहीत आहे, त्या दिवशी वेळेवर हजर राहिलेलं पोर त्याच्या लक्षात राहतं.

सुरक्षेबद्दल थोडक्यात, पण हे मनावर घ्यावं. फिरत्या लेथवर किंवा ड्रिलवर हातमोजे घालू नयेत: कापड चकमध्ये (जॉब पकडून फिरणाऱ्या भागात) अडकलं की हातच ओढला जातो. मनगटातला दोरा, कडं, गळ्यातली साखळी, मुलींची ओढणी आणि मोकळे केस, यातलं काहीही मशीनजवळ नको. चिप्स (कापलेल्या धातूचा कीस) हुकनं ओढायच्या, हातानं नाही. पायात सेफ्टी शूज. कोल्हापुरी आपला अभिमान असली तरी शॉप फ्लोअरवर नाही. मुलींनी होकार देण्याआधी कपडे बदलायची जागा, स्वच्छतागृह आणि शिफ्टची बस स्वतः बघून यावी. हे दाखवायला कंपनीनं टाळाटाळ केली तर तेवढ्यानं उत्तर मिळतं.

आता सगळ्यात मोठी तक्रार, आणि ती रास्त आहे: करारावर ट्रेड ‘मशिनिस्ट’ आणि वर्षभर काम पॅकिंगचं. पहिला महिना झाडलोट, क्रेट उचलणं, गेज साफ करणं चालतं, त्यातून शॉप कळतं. पण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातही मशीनजवळ उभं केलं नाही तर बोलायला हवं. अप्रेंटिसनं कामाची रोजची वही ठेवायची असते. ती पोरं महिन्याच्या शेवटी एका बैठकीत मनानं भरतात आणि हातातला एकुलता एक पुरावा घालवतात. रोज घरी जायच्या आधी चार ओळी: तारीख, मशीन, जॉबचं नाव, काय केलं, कुणी शिकवलं. ती वही घेऊन आधी सुपरवायझरकडं जावं, आणि सुरुवात तक्रारीनं न करता ‘मामा, मला ऑफसेट घ्यायला शिकायचंय, दुपारच्या सुट्टीत दाखवाल का?’ असं विचारावं (ऑफसेट म्हणजे मशीनला दिलेली हत्याराच्या मापाची दुरुस्ती). लाईनवरचे जुने ऑपरेटर अशा पोराला जवळ करतात. तरीही काही हललं नाही तर एचआर, आणि मग बीटीआरआयचे शिकाऊ उमेदवारी सल्लागार. मध्येच काम सोडून घरी बसू नये. करार आहे, तो रीतसर संपवावा लागतो.

इतर वाटांशी तुलना केली तर, दुकानातलं काम घराजवळ असतं आणि पैसे रोख मिळतात. पण १४ ते १८ वयासाठी कायदा सलग तीन तासांनंतर किमान एक तासाची विश्रांती, विश्रांती धरून दिवसाचे सहाच तास आणि संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही, असं सांगतो. महाद्वार रोडची खरी गर्दी सातनंतरची. मालकाला पोर नेमकं तेव्हाच हवं असतं. राज्य सरकारची २०२४ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना १८च्या पुढच्यांसाठी आहे. तिथं बारावीला ६,००० आणि आयटीआय किंवा पदविकेला ८,००० रुपये मिळतात, म्हणजे आकडा बरा. पण ती काही महिन्यांची आहे आणि शेवटी ट्रेडची परीक्षा नाही. कार्यालयीन काम शिकायचं असेल तर ती, हातात हुन्नर हवा असेल तर अप्रेंटिसशिप.

आयटीआय केलेल्या फिटर-टर्नरची शिकाऊ उमेदवारी साधारण वर्षाची असते. शेवटी नामनिर्देशित (सरकारी यादीतल्या) ट्रेडसाठी अखिल भारतीय परीक्षा आणि राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र. परीक्षेचा फॉर्म भरला गेला का, हे कंपनीवर सोडून न देता मुदतीआधी महिनाभर स्वतः विचारावं. शेवटच्या दिवशी गेटपास जमा करण्याआधी लेटरहेडवर अनुभवपत्र घ्यावं आणि त्यात ‘काम समाधानकारक’ एवढ्यावर भागवू देऊ नये. कोणत्या मशीनवर, कुठला कंट्रोलर, कोणती मापनसाधनं आणि किती महिने, हे त्यात लिहून मागावं. वही रोज भरली असेल तर तो मजकूर आपणच तयार करून एचआरला देता येतो, आणि ते बहुतेक वेळा तसाच छापून सही करून देतात.